झेलाची साक्ष

मी अर्जनवीस आहे. तहसील कचेरीच्या आवारात टेबल टाकून जे काम मी करीत असे, तेच काम आज अमेरिकेत, श्रूजबरी गावात, माझ्या मेहुण्याच्या बेसमेंटमध्ये बसून करतो. माझे शालेय शिक्षण नववीत थांबले, हे मी लपवीत नाही. लपवावे असे त्यात काही नाही. कारण ज्यांच्या भिंतीवर पदव्या टांगलेल्या आहेत, ती मंडळी शेजाऱ्याच्या झाडाची फांदी आपल्या छतावर आली म्हणून नगरपालिकेस चार ओळी लिहायच्या झाल्या की माझ्याच पायऱ्या उतरून येतात. त्यांना कोड लिहिता येतो. विनंती लिहिता येत नाही.

माझे इंग्रजी कचेरीतले आहे. आरंभीच्या नमस्कारापासून अखेरच्या प्रार्थनेपर्यंत ते मला तोंडपाठ आहे आणि त्यात आजवर कोणत्याही अधिकाऱ्याने बोट दाखवलेले नाही. बोलण्याचे इंग्रजी हे निराळे खाते असून त्यात मी कधी शिरलो नाही.

या कचेरीतल्या इंग्रजीमुळेच माझा बेसबॉलशी संबंध आला. आमच्या भागात हौशी लोकांचे काही क्लब आहेत. हे लोक बेसबॉल आजच्या नव्हे, तर शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या नियमांनी खेळतात. हातमोजे नाहीत. कपडे लोकरीचे. पंच उंच काळी टोपी घालून उभा राहतो आणि खेळाडूंना 'महाशय' म्हणतो. त्या वर्षी या क्लबांनी ठरविले की पगार घेऊन खेळणारे संघ जेव्हा नुकते कोठे उभे राहिले होते, त्या काळातला एक हंगाम पहिल्या सामन्यापासून शेवटच्यापर्यंत पुन्हा खेळायचा. प्रत्येक क्लबाने एका जुन्या संघाचे सोंग घ्यायचे. आमच्या क्लबाच्या वाट्याला आला तो त्या हंगामाचा विजेता संघ. बुटांच्या कारखान्यांच्या गावचा, अजिंक्यपद मिळवून दुसऱ्याच वर्षी मोडलेला. निकाल मात्र ठरलेले नव्हते. इतिहासाने आम्हाला विजेते केले होते. मैदानावर ते आमचे आम्हाला व्हायचे होते.

त्या काळी तक्रार लेखी करावी लागे, म्हणून क्लबांनी तोही नियम ठेवला. माझ्या हातचे एक पत्र कोणीतरी त्यांना दाखविले. ते वाचून क्लबाच्या अध्यक्षांना इतका आनंद झाला की त्यांनी मला खास भेटायला बोलाविले. असे इंग्रजी लिहिणारा मनुष्य आपल्या देशात आता उरला नाही, असे ते म्हणाले. मला त्यात आश्चर्य वाटले नाही. मी क्लबाचा अर्जनवीस झालो.

संघात निम्मे मराठी होते. याचे कारण साधे. मोजे न घालता झेल घेण्याची सवय अमेरिकन माणसाला राहिलेली नाही, आणि आमची पुण्या-नागपूरची इंजिनीअर मुले टेनिस क्रिकेटवर वाढलेली. त्यांना क्लबाने घरोघर जाऊन उचलून आणले. पण तो चेंडू कातड्याचा आणि दगडासारखा. जुलै संपेपर्यंत एकाचेही बोट सरळ राहिले नव्हते. सोमवारी ही मंडळी ऑफिसात बर्फाची पिशवी घेऊन बसत आणि उरलेल्या बोटांनी टाइप करीत.

नावे लिहिण्याचा येथे प्रश्न नाही. ज्याच्याविषयी हे लिहीत आहे त्याला मी अर्जदार म्हणेन. तो आमचा कप्तान होता. वय चाळिशीच्या पुढे, घर मोठे, नोकरी चांगली. मला गाडी चालवता येत नसल्यामुळे सामन्याला नेण्या-आणण्याचे काम तो करीत असे आणि मला काका म्हणत असे. त्या उन्हाळ्यात त्याचे वडील पुण्याहून येऊन राहिले होते. ते शाळेत खेळाचे शिक्षक होते, म्हणून सगळी मुले त्यांना सर म्हणत. मीही सरच म्हणत असे, कारण मनुष्य कडक होता आणि कडक माणसाविषयी मला आदर आहे.

सर प्रत्येक सामन्याला येत. स्वतःची घडीची खुर्ची स्वतः उचलून, इतरांपासून दूर नेऊन बसत. इतके दूर बसूनही त्यांचा आवाज सर्वांना ऐकू येई.

"अरे, लोकरीचे कपडे घालून उन्हात पळताय, पगार किती देतात?"

"पगार नाही बाबा, हौस आहे," अर्जदार सीमेवरून म्हणे.

"हौस? मग जमत का नाही?"

एकदा अर्जदाराच्या हातून सोपा झेल सुटला. चेंडू त्याच्या करंगळीवर बसला होता आणि तो हात काखेत दाबून वाकला होता. सर उभे राहून म्हणाले, "तुझ्या आईनं पदरात घेतला असता तो!" आई जाऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. मराठी मुले हसली. कप्तानावर हसण्याची संधी कोण सोडतो? अमेरिकन खेळाडूंनी विचारले, काय म्हणाले? एकाने भाषांतर करून सांगितले. मग तेही हसले.

नागपूरचा एक मुलगा जरा आगाऊ होता. तो म्हणाला, "सर, तुम्हीच या ना यार खेळायला."

"मी खेळायला आलो तर तुम्हाला बसावं लागेल," सर म्हणाले. "आणि बसणं तुम्हाला येतंच. दिवसभर दुसरं काय करता?"

घरी परतताना गाडीत सर पुढे बसत, मी मागे. सर घडलेल्या चुका क्रमाने सांगत. अर्जदार "हो बाबा" म्हणे. एके दिवशी सर घरी राहिले होते, तेव्हा तो माझ्याशी मोकळेपणाने बोलला. शाळेत असताना संघ निवडण्याचे काम त्याच्या वडिलांकडेच होते. मुलगा चांगला खेळत होता, हे सगळ्या शाळेला माहीत होते. वडिलांनी त्याला एकदाही संघात घेतले नाही. लोक म्हणतील, पोटच्या पोराला घेतलं, असे कारण त्यांनी दिले होते. तो चार वर्षे सामन्यांना पाण्याची बादली नेत असे.

"आता त्यांच्यासमोर एकदा जिंकायचंय, काका," तो म्हणाला. "सप्टेंबरात ते जातील. परत येतील असं वाटत नाही. एकदाच. मग मी खेळणं बंद करतो."

मी म्हणालो, "जिंकल्यावर ते काही बोलतील असं समजू नकोस."

"बोलू नका म्हणावं. पण बघावं तरी लागेल ना त्यांना."

हंगाम शेवटच्या सामन्यापर्यंत आला तेव्हा दोन क्लब बरोबरीत होते. जो जिंकेल तो अजिंक्य. शेवटच्या डावात आम्ही एका धावेने मागे होतो, आमचे दोन गडी बाद झाले होते, दोन खेळाडू मधल्या थांब्यांवर उभे होते आणि फटका मारायला अर्जदार आला. चेंडू जमिनीला लागण्याआधी कोणी झेलला तर सगळे संपले; न झेलला तर दोघे धावत येऊन दोन धावा करणार आणि आम्ही जिंकणार. बेसबॉल न समजणाऱ्यालाही इतके समजते.

अर्जदाराने चेंडू उंच मारला. तो डाव्या कोपऱ्यात, मेपलच्या झाडांकडे गेला. समोरच्या क्लबाचा एक दांडगा खेळाडू धावत गेला, गवतात आडवा पडला आणि चेंडू हातात धरून उठला. झेलला की गवतावरून उचलला, ते कोणालाच दिसले नाही. त्या खेळाडूने स्वतः सांगितले की, आपले तोंड गवतात होते, आपल्याला ठाऊक नाही. मैदानाच्या मध्ये उभ्या असलेल्या पंचालाही दिसले नाही.

आता त्या जुन्या नियमांत एक कलम होते. झेल पंचाला दिसला नाही, तर त्याने आसपासच्या प्रेक्षकांना विचारावे आणि जी साक्ष सर्वांत रास्त वाटेल तिच्यावर निर्णय द्यावा. हे कलम मला फार आवडे. त्यात कायद्याची शान होती. हंगामभर ते वापरण्याची वेळ आली नव्हती. त्या कोपऱ्यात, झाडांजवळ, एकच प्रेक्षक बसला होता. तो कोण, हे सांगायला नको.

पंच सगळे मैदान ओलांडून चालत गेला. त्याने उंच टोपी काढून छातीशी धरली आणि वाकून विचारले. सर खुर्चीतून उठले, शर्ट खाली ओढून नीट केला आणि उजव्या हाताचे बोट आभाळाकडे उचलले.

"आउट," ते म्हणाले.

हा शब्द दोन्ही खेळांत एकच आहे. पंचाने टोपी घातली. समोरचा क्लब ओरडत मैदानात धावला आणि त्यांनी सरांना खुर्चीसकट उचलले. अर्जदार पहिल्या थांब्यापाशी उभा राहून ते पाहत होता. आमच्या संघातला एकही जण त्याच्याजवळ गेला नाही. नागपूरचा तेवढा जाताना म्हणाला, "यार, बाबांना इंडियातच ठेवायचं ना."

त्याच संध्याकाळी अर्जदार माझ्या बेसमेंटमध्ये आला. अजून लोकरीच्याच कपड्यांत होता. त्याने बसण्यापूर्वीच सांगितले, "काका, प्रोटेस्ट करायचा. स्ट्राँग लिहा."

"कोणत्या मुद्द्यावर?"

"त्यांना दिसत नाही. एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, ऑपरेशन डिसेंबरात आहे. ऊन समोरून येत होतं. आणि..." तो थांबला.

"आणि काय? अर्धवट माहितीवर मी लिहीत नाही."

"आणि ते बायस्ड आहेत. माझ्या अगेन्स्ट."

मी त्याला सांगितले की साक्षीदार नातलग असला तर तो बाजूने बोलतो, असे सर्व न्यायालये धरून चालतात. बाप मुलाविरुद्ध बोलला, म्हणून त्याच्या साक्षीचे वजन वाढते. तेव्हा आकस सिद्ध करायचा तर शाळेपासूनची हकिकत लिहावी लागेल. तो म्हणाला, "लिहा." मी लिहिले. साक्षीदाराची दृष्टी अधू असणे, वयोमानाने निर्णयशक्ती क्षीण झालेली असणे, आणि अर्जदार लहान असल्यापासून साक्षीदाराने त्यास आपल्या निःपक्षपातीपणाच्या लौकिकासाठी वेळोवेळी बळी दिलेला असणे, अशी तीन कलमे मी मांडली. यापेक्षा बांधेसूद अर्ज माझ्या हातून आजवर झालेला नाही.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. अर्ज ज्या भाषेत लिहिला असेल ती असो. सही घेण्यापूर्वी तो अर्जदारास त्याच्या मातृभाषेत मोठ्याने वाचून दाखवायचा आणि बरोबर असल्याचे त्याच्या तोंडून घ्यायचे. या रीतीला मी अमेरिकेतही कधी फाटा दिला नाही. दुसऱ्या दिवशी मी अर्जदाराच्या घरी गेलो. तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला होता. समोर सर चहात बिस्किट बुडवीत होते.

"काका, वाचायची गरज नाही. आय ट्रस्ट यू. द्या, सही करतो," अर्जदार घाईने म्हणाला.

"वाचल्याशिवाय सही घेत नसतो," मी म्हणालो.

"मग वरती जाऊ."

"वरती कशाला?" सर म्हणाले. "वाचा, अर्जनवीस. आम्हालाही कळू द्या तुमचं साहित्य."

मी चष्मा लावून वाचले. आवाज मी कधी खाली घेत नाही; अर्ज पुटपुटायचा नसतो. पहिले कलम झाले तेव्हा सरांचे बिस्किट कपात पडले. दुसरे झाले तेव्हा त्यांनी चमच्याने ते काढले. तिसऱ्या कलमातली पाण्याची बादली आली, तेव्हा अर्जदाराने दोन्ही हातांनी कपाळ धरले. मी शेवटच्या प्रार्थनेपर्यंत वाचून कागद टेबलावर ठेवला.

"'क्षीण' बरा शब्द आहे," सर म्हणाले. "'नष्ट' लिहायला हवं होतं. म्हणजे ठसका आला असता."

"बाबा, ते फक्त लीगल लँग्वेज आहे."

"असू दे की. मी काय म्हणतोय? सही कर." अर्जदाराने पेन उचलले नाही. "कर ना. मोतीबिंदू माझा, बादली तुझी. दोन्ही खरं आहे. यात खोटं काही नाही, अर्जनवीस, शाबास."

अर्जदाराने सही केली. तिच्यासारखी वेडीवाकडी सही मी अंगठे उठवणाऱ्यांच्या गर्दीतही पाहिली नव्हती.

"मला बोलावतील का तिथे?" सरांनी विचारले.

"बोलावतील. साक्षीदार आहात," मी म्हणालो.

"मग खरं तेच सांगेन. मी आजवर दुसरं काही केलेलं नाही," असे म्हणून त्यांनी तो कप सिंकमध्ये ओतून दिला.

समितीची बैठक सार्वजनिक वाचनालयाच्या एका खोलीत भरली. इतर क्लबांचे तिघे सदस्य होते. त्यांच्यातल्या प्रमुख म्हणजे एक निवृत्त दंतवैद्य बाई. पक्षकार, साक्षीदार आणि अर्ज लिहिणारा यांच्याखेरीज कोणालाही आत घेतले नव्हते. खेळाडू बाहेर पार्किंगमध्ये गाड्यांना टेकून उभे होते. बाईंनी माझा अर्ज उभ्याने वाचून दाखविला आणि वाचून झाल्यावर माझ्याकडे पाहून मान लवविली. मी ती स्वीकारली.

सर कोट घालून आले होते. त्यांना इंग्रजी कामापुरते समजे, पण साक्ष आपण मराठीतच देणार, असे त्यांनी सांगितले. मग दुभाषा कोण? माझ्या बोलण्याच्या इंग्रजीविषयी मी वर लिहिले आहे. अर्जदार पक्षकार असल्याने त्याने दुभाष्याचे काम करणे नियमाला धरून नाही, असे मी लिहून बाईंपुढे सरकविले. त्या हसल्या. हा खेळ आहे, महाशय, असे म्हणाल्या. मुलापेक्षा बापाचे बोलणे चांगले कोणाला समजणार, असेही म्हणाल्या. अर्जदार उठून सरांच्या खुर्चीशेजारी उभा राहिला.

बाईंनी विचारले: चेंडू जमिनीला लागण्यापूर्वी हातात गेला, हे आपण पाहिले काय? अर्जदाराने ते मराठीत विचारले. त्याचा आवाज शाळेत उभे केलेल्या मुलासारखा निघाला.

सर खुर्चीत ताठ बसले. मग समोरच्या भिंतीकडे पाहत म्हणाले, "नाही."

अर्जदाराने मान वर केली. मीही केली. त्या एका शब्दात अजिंक्यपद आमचे झाले होते आणि माझे पहिले कलम अक्षरशः सिद्ध झाले होते.

"ऊन डोळ्यांवर होतं," सर म्हणाले. "तो गडी पडला एवढं दिसलं. चेंडू दिसला नाही." अर्जदाराने बाईंकडे वळून तोंड उघडले, तोच सरांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. "थांब. अर्धं सांगायचं नाही. त्या दिवशी पंचांनी विचारलं आउट की नाही, तर मी आउट का म्हणालो, तेही सांग त्यांना. मारणारा कोण आहे, हे मला माहीत होतं. हा ऐन वेळी झेल देतो. शाळेत देत होता, पुढं कॉलेजात देत होता. म्हणून तर मी घेत नव्हतो संघात. लोकांचं नाव पुढं केलं, पोराला वाईट वाटू नये म्हणून. तेव्हा बघायची गरजच काय? हे सगळं सांग. शब्द बदलू नकोस."

बाई पेन हातात धरून वाट पाहत होत्या. दुसऱ्या क्लबाचा कप्तान पाय हलवीत होता. अर्जदार वडिलांकडे पाहत होता. सरांचा चेहरा नेहमीचाच होता. खेळातली चूक समजावून सांगताना असे तसा. ते काही दुष्टपणाने बोलले नव्हते. त्यांना ते खरे वाटत होते.

मग अर्जदार बाईंकडे वळला आणि इंग्रजीत म्हणाला की साक्षीदाराने झेल पाहिला. स्पष्ट पाहिला. आपण आउट होतो.

मी खुर्चीतून अर्धा उठलो. भाषांतर खोटे होते आणि ते खोटे आहे हे त्या खोलीत फक्त आम्हा दोघांना ठाऊक होते. अर्जदाराने माझ्याकडे पाहिले. तसे पाहणारे अनेक पक्षकार मी पाहिले आहेत. त्यांना त्यांचा खटला नको झालेला असतो आणि तोंडाने तसे म्हणवत नाही. अर्जदाराची इच्छा संपली म्हणजे अर्ज चालविण्याचा अधिकार कोणालाच उरत नाही. मी बसलो.

बाईंनी सरांची दृष्टी आणि स्मृती या वयात इतकी चांगली असल्याबद्दल त्यांचे अभिनंदन केले. अर्ज नामंजूर झाला. तो अर्जातल्या दोषामुळे नामंजूर झाला नाही, हे मला येथे नोंदविणे भाग आहे.

दुसऱ्या क्लबाचा कप्तान उठून सरांचा हात हातात घेऊन हलवू लागला. सरांनी तो हलवू दिला. मग मुलाकडे वळून विचारले, "काय ठरलं?"

"तुमचं म्हणणं मान्य झालं, बाबा."

"सगळं सांगितलंस?"

"सगळं सांगितलं."

"म्हणजे आउट?"

"आउट."

"वाटलंच होतं मला," सर म्हणाले आणि कोटाची बटणे लावू लागले.